नवीन कल्पना गळी उतरवायची की हातात द्यायची?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑफिस असो, कारखाना असो, शाळा असो की हॉस्पिटल, जिथे चार लोक एकत्र काम करतात तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आमच्याकडच्या लोकांना बदल नकोच असतो हो." बोलणारा माणूस बहुतेक वेळा नुकताच मीटिंगमधून बाहेर आलेला असतो, मेहनत घेऊन त्याने काहीतरी नवीन मांडलेलं असतं आणि समोरच्यांनी नुसत्या माना डोलावून विषय संपवलेला असतो. त्याची तळमळ खरी असते, आयडिया पण चांगली असू शकते, तरी त्याचं ते वाक्य मला पटत नाही. मी बरीच वर्षं नोकरी करते, आधी टेबलावर काम केलं, आता एक सेक्शन सांभाळते, त्यामुळे नवीन गोष्ट वरून येऊन आपल्यावर आदळते तेव्हा कसं वाटतं ते पण माहितीये आणि आपण काही सुचवल्यावर सगळे गप्प बसतात तेव्हा कसं वाटतं ते पण. त्यावरून, आणि या विषयावर जे काही वाचत आले त्यावरून, माझं मत असं झालंय की माणसं नव्या गोष्टीला सहसा नाही म्हणत नाहीत, आपल्याला न विचारता आपल्या रोजच्या कामात कोणी हात घातला की मात्र ती अडून बसतात. आपण या दोन्ही गोष्टी एकच समजतो आणि मग उपाय चुकतो, म्हणून हे पत्र.

एका ऑफिसातली गोष्ट सांगते. तिथे येणाऱ्या प्रत्येक अर्जाची नोंद एका जाडजूड रजिस्टरमध्ये व्हायची, मग एक दिवस सॉफ्टवेअर आलं आणि उद्यापासून सगळं स्क्रीनवर करायचं असा आदेश निघाला. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, खरंच चांगलं होतं, अर्ज शोधायला आधी जिथे पानंच्या पानं उलटावी लागायची तिथे नंबर टाकला की झालं. पण रजिस्टरमध्ये अगदी शेवटी एक रकाना असायचा, शेऱ्याचा. जागा बोटभर, पण अख्खं ऑफिस त्या रकान्यावर चालायचं. "फोन केला, सोमवारी येतो म्हणाले", "दुसऱ्या पानावर सही राहिली", "हे मागच्या अर्जासोबत बघावे", अशा बारीक अक्षरातल्या नोंदी, आणि कोणी रजेवर गेलं की दुसरा माणूस तो शेरा वाचून काम पुढे न्यायचा. नवीन स्क्रीनवर शेऱ्याला जागाच नव्हती. प्रलंबित, मंजूर, नामंजूर, या तीनातलं एक निवडायचं, बास. मग व्हायचं काय की स्क्रीनवर नोंद झाली की ड्रॉवरमधून जुनं रजिस्टर हळूच बाहेर यायचं आणि तीच नोंद परत हाताने, शेऱ्यासकट. म्हणजे काम दुप्पट झालं, आणि वर रिपोर्ट काय गेला तर स्टाफ सहकार्य करत नाही, जुन्या पद्धतीला चिकटून बसलेत. मग ट्रेनिंग लावलं, ट्रेनिंगमध्ये परत तेच, कुठलं बटण कुठे दाबायचं, जे सगळ्यांना आधीच येत होतं. त्या टेबलावरच्या मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून अर्धा तास बसून बघावं असं कोणाला वाटलं नाही. शेवटी नवीन लागलेल्या एका मुलाने सहज विचारलं, मॅडम तुम्ही यात नेमकं काय लिहिता? त्यांनी त्याला रजिस्टर उघडून एकेक शेरा दाखवला, कुठला कशासाठी, कोणाला लागतो, कधी लागतो. त्याने ते नीट लिहून वर पाठवलं, काही दिवसांनी स्क्रीनवर शेऱ्याचा रकाना आला आणि रजिस्टर आपोआप बंद झालं, कोणी आदेश काढला नाही की कोणाला मेमो दिला नाही. आणि बाकीच्या सेक्शनना ते सॉफ्टवेअर शिकवायला कोण गेलं तर त्याच मॅडम.

म्हणजे त्यांचा विरोध होता तो काय होता? ती माहिती होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला जे कधी कळलं नसतं ते त्या सांगत होत्या, फक्त तोंडाने न सांगता रजिस्टर उघडून सांगत होत्या, कारण तोंडाने सांगायला कोणी विचारलंच नव्हतं.

हे एका ऑफिसपुरतं नाहीये. 1948 साली लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी अमेरिकेतल्या हारवुड नावाच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला, या विषयातला तो आजही पायाचा अभ्यास मानतात, आणि मला तो फार आवडतो कारण त्यातला बदल इतका छोटासा आहे. एका गटातल्या इस्त्री करणाऱ्या कामगार तयार कपडे अर्ध्या अर्ध्या डझनाने पुठ्ठ्यावर रचून ठेवायच्या, आता ते खोक्यात रचायचे, एवढंच, बाकीच्या गटांच्या कामातले बदलही असेच छोटे. कारखान्याचा अनुभव असा की कामात असा काहीही बदल केला की उत्पादन घसरतं, तक्रारी वाढतात, लोक नोकरी सोडतात, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या पद्धतीने करून बघितला. एका गटाला मीटिंग घेऊन सांगितलं की हे असं असं करायचंय, बाजारात स्पर्धा आहे, नवीन रेट हा, प्रश्न असतील तर विचारा, आणि मीटिंग संपली. म्हणजे आपल्याकडे ज्याला "विश्वासात घेतलं" म्हणतात तेवढं केलं. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी दिले आणि त्या प्रतिनिधींनी नवीन पद्धत ठरवण्यात भाग घेतला. आणखी दोन गट लहान होते, तिथे सगळ्यांनाच सामील करून घेतलं, काम कसं बदलता येईल, कुठल्या हालचाली वाचवता येतील, सूचना इतक्या भराभर यायला लागल्या की लिहून घेणाऱ्याला पुरे पडेना.

पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही, तक्रारी झाल्या, सुपरवायझरशी खटके उडाले आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक नोकरी सोडून गेले. सगळ्यांना सामील केलेले गट लवकरच आधीच्या पातळीला आले आणि पुढे तिच्यापेक्षा साधारण 14 टक्के वर गेले, त्या काळात एकही जण सोडून गेलं नाही. आणि प्रतिनिधी दिलेल्या गटातले ते प्रतिनिधी म्हणे "आपलं काम", "आपला रेट" असंच बोलायला लागले होते.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा अभ्यास सांगण्यात अर्थ नाही. साधारण अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, बिघडलेल्या गटातले जे कामगार उरले होते त्यांनाच परत एकत्र आणलं आणि यावेळी दुसऱ्या एका कामाचा बदल करताना त्यांना पूर्ण सामील करून घेतलं. त्यांचं उत्पादन भराभर चढलं, कोणी सोडून गेलं नाही, भांडणं नाहीत. माणसं तीच होती ना! ज्यांच्यावर "बदल नको असणारे" असा शिक्का बसला असता तीच माणसं. मग दोष स्वभावाचा कसा म्हणायचा? हे एक उदाहरण मी कितीतरी लोकांना सांगत असते कारण आपण सहकाऱ्यांच्या स्वभावावर फार पटकन बोट ठेवतो. हा असाच आहे, ती नकारात्मक आहे, त्यांची रिटायरमेंट जवळ आली म्हणून रस नाही. एकदा शिक्का मारला की पुढे विचार करायची गरज उरत नाही, हाच तोटा.

आता कोणी म्हणेल की आयडिया खरंच बिनतोड असेल, पुरावा समोर असेल, तर लोक मानतीलच ना, विचारत कशाला बसायचं. त्यावर इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची हकीकत बघा. व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन प्रसूती विभाग होते, एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करायचे, दुसऱ्यात सुईणी, आणि डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावायच्या. 1847 मध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन वारला, लक्षणं त्या बाळंतिणींसारखीच, आणि सेमेलवाइसच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन डॉक्टर बाळंतिणीकडे जातात, त्या हातांवरून काहीतरी जातंय. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिल 1847 मध्ये त्या विभागात मृत्यूचं प्रमाण 18 टक्के होतं, जूनमध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं. याच्यापेक्षा धडधडीत पुरावा कुठल्या आयडियाला मिळणार? तरी त्या काळच्या बहुतेक मोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही.

आपण हे वाचतो आणि म्हणतो काय आडमुठे लोक होते. होतेच. पण थोडं त्यांच्या जागी उभं राहून बघा. जंतूंची कल्पना अजून प्रस्थापित व्हायची होती, म्हणजे हातावर नेमकं काय आहे हे सेमेलवाइसला सुद्धा दाखवता येत नव्हतं. आणि त्याचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे काय, तर आजवर माझ्या हातून बायका मेल्या हे मान्य करायचं. कुठल्याही नवीन कल्पनेच्या पोटात हा एक काटा असतोच, तुम्ही आजपर्यंत जे केलं ते चुकीचं होतं. आपण मांडताना आपल्याला तो दिसत नाही, ऐकणाऱ्याला आधी तोच टोचतो. तो काटा काढायचं कौशल्य सेमेलवाइसकडे नव्हतं, आपलं म्हणणं सविस्तर पुस्तकात मांडायला त्याला 1861 साल उजाडलं, आणि नंतर तर जे मानत नव्हते त्या डॉक्टरांना उघड पत्रं लिहून त्याने खुनी म्हटलं. त्याचा संताप मी समजू शकते, बायका मरत होत्या, शांत कसं राहायचं माणसाने. पण खुनी म्हटल्यावर कोण हात धुवायला उठणार होतं? 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला, वय फक्त 47. त्याच्या बाजूने सत्य होतं, आकडे होते, तळमळ होती, फक्त सहकारी नव्हते.

आता त्याच विषयावरची दीडशे वर्षांनंतरची गोष्ट, कारण हात धुवायचं तेव्हाही पूर्ण जमत नव्हतं हो. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरने आयसीयूमधल्या पेशंटच्या मोठ्या शिरेत नळी घालताना काय काय करायचं याची पाच ओळींची यादी केली. साबणाने हात धुवा, पेशंटची त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करा, पूर्ण अंगावर निर्जंतुक चादर घाला, मास्क टोपी गाऊन ग्लोव्ह्ज घाला, नंतर वर निर्जंतुक ड्रेसिंग लावा. यात नवीन काहीच नाही, सगळ्या डॉक्टरांना माहीत असलेल्याच गोष्टी. पण त्याने आल्या आल्या सक्ती केली नाही. आधी महिनाभर नर्सना फक्त बघायला सांगितलं की या पाचातलं काय काय होतं. एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या बाबतीत काही ना काही सुटत होतं. हे पुस्तकातले आकडे नव्हते, दुसऱ्या हॉस्पिटलचे नव्हते, त्यांच्या स्वतःच्या वॉर्डातले होते, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही आणि नाव घेऊन कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात पण उभं केलं नाही. मग पुढची पायरी म्हणजे डॉक्टरने एखादी गोष्ट गाळली तर नर्सने थांबवायचं आणि व्यवस्थापनाने नर्सच्या पाठीशी उभं राहायचं. वर्षभरात तिथलं त्या नळीचं इन्फेक्शन 11 टक्क्यांवरून जवळपास शून्यावर आलं.

नंतर मिशिगन राज्यातल्या शंभरच्या वर आयसीयूंमध्ये हेच केलं तेव्हा एक गोष्ट कळली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक हॉस्पिटलातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला एकेका आयसीयूशी जोडून दिलं होतं, त्याने तिथे जाऊन लोकांशी बोलायचं, अडचणी ऐकायच्या. त्यातून लक्षात आलं की यादीत जे जंतुनाशक वापरा म्हटलंय ते बहुतेक आयसीयूंमध्ये ठेवलेलंच नव्हतं! अधिकाऱ्यांनी ते मागवलं, सगळं सामान एका जागी मिळेल अशी सोय केली. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की डॉक्टर आळशी आहेत, नियम पाळत नाहीत, आणि प्रत्यक्षात कपाटात वस्तूच नाही. 2006 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दीड वर्षाच्या काळात इन्फेक्शनचं प्रमाण 66 टक्क्यांपर्यंत खाली आल्याचं दिसलं.

सेमेलवाइस आणि प्रोनोव्होस्ट यांचं सांगणं जवळपास सारखंच आहे, फरक सगळा सहकाऱ्यांशी वागण्यात आहे. मी कल्पना मांडणाऱ्या प्रत्येक तरुण सहकाऱ्याला हेच सांगते, तुझं प्रेझेंटेशन कितीही देखणं असू दे, आधी जाऊन बघ की कपाटात काय नाहीये.

मग करायचं काय हा प्रश्न राहतोच. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे कल्पना अर्धी कच्ची असतानाच लोकांपुढे ठेवायची. आपल्याला वाटतं सगळं पक्कं करावं, प्रत्येक शंकेचं उत्तर तयार ठेवावं आणि मगच मीटिंग बोलवावी, नाहीतर आपली फजिती होईल. पण पूर्ण तयार गोष्ट समोर आली की ऐकणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, त्याच्या हाताला कामच उरत नाही. तेच जर म्हटलं की मला असं सुचतंय, पहिला भाग जमतोय, पण महिनाअखेरीला गर्दी होते तेव्हा हे कसं निभेल ते कळत नाहीये, तुम्ही ते टेबल सांभाळलंय, सांगा, तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. आणि हे नाटक म्हणून करायचं नाही, खरंच अडलेलं असलं पाहिजे आणि त्याने सांगितलेलं खरंच घेतलं पाहिजे. मतं मागवायची, सूचनापेटी ठेवायची आणि आधीच ठरलेलं तेच करायचं, हा प्रकार न विचारण्यापेक्षा वाईट, एकदा लोकांच्या लक्षात आलं की पुढची पाच वर्षं कोणी तोंड उघडत नाही. ते गप्प बसणं फार महाग पडतं.

"हे चालणार नाही" म्हणणाऱ्या माणसाशी बोलायची पण एक पद्धत आहे. त्याला का चालणार नाही असं विचारलं की तो बचाव करायला लागतो आणि आपण पण, दहा मिनिटांत दोघांचे आवाज चढतात. त्याऐवजी "कुठे अडेल?" विचारावं. कुठे अडेल याला उत्तर द्यायला त्याला ती नवीन पद्धत मनात चालवून बघावी लागते, पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि तिसऱ्या पायरीला तो म्हणतो इथे बघ, इथे दोन सह्या लागतात आणि दुसरा साहेब दुपारनंतरच भेटतो. आता हे सोनं आहे. आणि एकदा मनात चालवून बघितल्यावर ती गोष्ट त्याला पहिल्याएवढी परकी पण राहत नाही. हे शक्यतो मीटिंगच्या आधी, एकेकट्याशी, निवांत करावं. चारचौघात एकदा नाही म्हणून बसलेल्या माणसाला हो म्हणायला वाट राहत नाही, आपणच त्याला कोपऱ्यात ढकलतो.

मीटिंगबद्दल अजून एक. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे 1950 च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत, रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम, पण खोलीतले बाकी सगळे, जे आधीच ठरवून आलेले असायचे, ते मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसत असलेलं सोडून गटासारखं चुकीचं उत्तर द्यायची. पण बरोबर उत्तर देणारा फक्त एक सोबती मिळाला की हे प्रमाण एकदम खाली यायचं, आधीच्या साधारण चौथ्या हिश्शावर. म्हणून सगळी खोली जिंकायच्या मागे लागू नये, मोकळेपणाने बोलेल असा एक माणूस आधी मिळवावा. तो पण शक्यतो असा, ज्याचा शब्द बाकीचे मानतात. मग तो कितीही कुरकुर करणारा असो, उलट नेहमी कुरकुर करणाऱ्याने "एकदा करून बघू" म्हटलं तर त्याला जे वजन येतं ते आपल्या दहा स्लाइडना येत नाही.

करून बघू, हे शब्द पण महत्त्वाचे. अमेरिकेत आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं कसं स्वीकारलं याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये छापला, 259 शेतकरी. बियाणं 1928 पासून मिळत होतं, फायदा डोळ्यांना दिसण्यासारखा होता, तरी जवळजवळ सगळ्यांनी घ्यायला 1941 उजाडलं. पहिल्यांदा ऐकलं ते बहुतेकांनी बियाणं विकणाऱ्यांकडून, पण घ्यायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं बघून, आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळ्या रानात पेरलं नाही, आधी थोड्या तुकड्यात पेरून बघितलं. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नवीन गोष्टी कशा पसरतात यावर जे मांडलं त्यात हे सगळं येतं, थोड्यावर करून बघता आलं पाहिजे, परिणाम दुसऱ्याला दिसला पाहिजे, आपल्या चालू कामाशी जुळलं पाहिजे, समजायला सोपं पाहिजे आणि आधीपेक्षा बरं पाहिजे. आपण ऑफिसात काय करतो, तर एक तारखेपासून सगळीकडे एकदम! एका टेबलावर महिनाभर करून बघा ना. नाही जमलं तर परत जुन्यावर जाऊ असं आधीच लेखी सांगा, आणि खरंच जा. परतीची वाट दिसत असली की लोक पुढे यायला इतके घाबरत नाहीत.

भीतीचं पण बोललं पाहिजे, कारण ती कोणी बोलून दाखवत नाही. पंचवीस वर्षं एक काम करून माणूस त्यात तरबेज झालेला असतो, लोक त्याला विचारायला येतात, ऑफिसात त्याला मान असतो तो त्यामुळेच. नवीन पद्धत आली की एका दिवसात तो कालच लागलेल्या पोराच्या बरोबरीला येतो, कधी कधी त्याच्याही मागे. हे फार मोठं नुकसान आहे आणि कुठल्याच प्रस्तावात ते लिहिलेलं नसतं. अशा माणसाला सगळ्यांसमोर शिकायला बसवू नये. त्याला आधी, एकट्याला, वेळ देऊन शिकवावं, चुका करायला मोकळीक द्यावी, आणि त्याचा जुना अनुभव नवीन पद्धतीत कुठे लागणार आहे ते त्याला स्पष्ट सांगावं. लागतोच तो. वर सांगितलेल्या मॅडमचा शेऱ्याचा रकाना आठवा.

साहेब लोकांना एकच विनंती, नवीन काही आणताना जुनं काहीतरी काढा. लोक नवीन गोष्टीला कंटाळलेले नसतात, वाढत जाणाऱ्या ओझ्याला कंटाळलेले असतात. नवीन फॉर्म आला की जुना बंद, नवीन रिपोर्ट सुरू केला की आधीचा कोण वाचतं ते बघून थांबवा. आणि बक्षिसांवर फार भिस्त ठेवू नका, एका माणसाला स्टेजवर बोलावून मोमेंटो दिला की बाकीचे सात जण, ज्यांनी ती कल्पना रोज चालवून दाखवली, ते मनातून उतरतात. श्रेय वाटून दिलं तर कमी होत नाही. मांडणाऱ्याने तर हे मनाची तयारी करूनच मांडावं की ही गोष्ट खरंच रुजली तर काही महिन्यांनी लोक म्हणणार आम्हीच तर केलं हे, आणि तेव्हा मान डोलावून हो म्हणायचं. आणि काही वेळा सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर कळतं की कल्पनाच बरोबर नव्हती, तर सोडून द्यावी, त्यात कमीपणा नाही, ज्यांनी अडचण दाखवली त्यांचे आभार मानावेत. पुढच्या वेळी तेच लोक आपणहून बोलतील.

पटलं नाही तरी करावं लागतं असे विषय असतात, सुरक्षेचे, कायद्याचे, तिथे चर्चा करत बसता येत नाही हे मान्य. पण तिथेही काय करायचं हे ठरलेलं असलं तरी कसं करायचं, कधी करायचं, कोणी काय बघायचं हे लोकांवर सोडता येतं आणि तेवढंही पुष्कळ असतं. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ऑपरेशनच्या वेळची चेकलिस्ट वापरून बघितली, त्यात दिल्लीचं पण एक होतं, 2009 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, मोठे कॉम्प्लिकेशन 11 टक्क्यांवरून 7 वर आले आणि मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 वर. तरी तिथल्या स्टाफला विचारलं तेव्हा काही जण म्हणालेच की वापरायला सोपी नाही. पण तुमचंच ऑपरेशन असेल तर ही चेकलिस्ट वापरलेली हवी का, यावर 90 टक्क्यांपेक्षा जास्त लोक हो म्हणाले. ऑफिसात प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारावा, तुमचा स्वतःचा अर्ज या टेबलावर आला तर तो कुठल्या पद्धतीने पुढे गेलेला आवडेल?

शेवटी आपल्या पेपरला एक विनंती. नवीन उपक्रम, अभिनव कल्पना, कोणा अधिकाऱ्याने किंवा शिक्षकाने किंवा कंपनीने काय वेगळं केलं, अशा बातम्या आपण छापता आणि त्या वाचायला चांगल्या वाटतात. पण त्यात बहुतेक वेळा कल्पना सुचलेल्या एका माणसाचा फोटो आणि त्याचीच मुलाखत असते. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने त्याच जागी काम करणाऱ्या आणखी दोघा-तिघांशी पण बोलावं, विशेषतः जे आधी नको म्हणत होते त्यांच्याशी. तुम्हाला सुरुवातीला काय खटकलं, ते कोणी ऐकलं, मूळ आराखड्यात तुमच्यामुळे काय बदललं आणि साहेबांची बदली झाल्यावर हे चालू राहील का, एवढे चार प्रश्न विचारले तरी वाचणाऱ्यांना आपापल्या कामाच्या जागी उपयोगी पडेल असं काहीतरी मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक